लाओ हानचा होकार

सुचित्रा साळवेंना शारजातले चिनी कामगार ‘सू लाओशी’ म्हणायचे. लाओशी म्हणजे बाई, शाळेत शिकवणाऱ्या असतात तशा. खरं तर सुचित्राबाई शाळेत कधीच शिकवायला नव्हत्या. वडील पुण्यात मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक, आणि लेकीनं चीनमध्ये जाऊन देवाचं काम करावं ही त्यांची इच्छा. त्यासाठी मंडळीनं तिला सिंगापूरला धाडलं, चिनी भाषा शिकवली. चीनला जाणं काही जमलं नाही. लग्न झालं, नवऱ्याला दुबईत नोकरी लागली आणि त्या तिथल्या अल मनखूल भागातल्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. आपलं शिक्षण वाया गेलं, असं त्या बरीच वर्षं मनात म्हणत राहिल्या.

मग शहराबाहेर चिनी बाजार उभा राहिला, त्यामागून कारखाने आले, आणि चीनच त्यांच्या दारात आला. एका दवाखान्यात त्यांना दुभाष्याची नोकरी मिळाली. पुण्याच्या मंडळीनं ‘हेच तुमचं क्षेत्र’ म्हणून आशीर्वाद दिला. रस्त्यावर प्रचार करायला इथं मनाई, ती त्यांनी कधी मोडली नाही. चर्चच्या आवारात रविवारी संध्याकाळी चिनी उपासना व्हायची, आणि बाकीचा आठवडा कुणाला इस्पितळात ने, कुणाचं दुखणं डॉक्टरला समजावून सांग, कुणी गेलं तर त्याच्या घरी फोन कर, यात जायचा. नवरा वारल्यावर त्या मुलीकडे, इराकडे, दुबईच्याच सिलिकॉन ओएसिस भागात राहायला गेल्या, पण काम सुटलं नाही.

लाओ हान, म्हणजे म्हातारे हान, त्यांना भेटले ते उपासनेनंतरच्या जेवणाला. शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग करायचे. फांग नावाची मंडळीतली एक जुनी बाई त्यांना ओढून घेऊन आली होती. त्या दिवशी प्रार्थना करताना सुचित्राबाईंचा सूर चुकला. चिनीत ‘प्रभू’ आणि ‘डुक्कर’ यांत फरक फक्त सुराचा. सगळे डोळे मिटून गप्प राहिले, हान मात्र मागच्या बाकावर हसले. जेवताना जवळ येऊन म्हणाले, “सू लाओशी, तुमचा देव फार सोशीक दिसतो.” त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. आत बसायचे नाहीत. आवारातल्या बाकावर बसून जेवणाची वाट पाहायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या यकृतात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं ते सुचित्राबाईंनीच चिनीत सांगितलं. विमानप्रवास झेपणार नव्हता. हाननी विचारलं, “जेवण चालेल ना सगळं?”

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी युन हिचा चीनहून फोन आला. युन चार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली होती. “सू लाओशी, मला व्हिसा मिळेपर्यंत बाबांना एकटं सोडू नका. आणि त्यांच्याशी देवाविषयी बोला. माझं ते ऐकत नाहीत.”

सुचित्राबाई बोलल्या. एकदाच, सरळ, हान पूर्ण शुद्धीवर असताना. हाननी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझ्या आईनं गावच्या देवळात ज्याच्यापुढे उदबत्ती लावली, त्याला सोडून मरतेवेळी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. तुम्ही मात्र येत जा.”

त्या येत राहिल्या. आपला दवाखाना सुटला की हानना ठेवलेल्या शारजाच्या इस्पितळाची बस पकडायच्या. त्यांना भरवायच्या, पाय चेपायच्या, युनचा फोन आला की त्यांच्या कानाशी धरायच्या.

शेवटच्या दिवसांत वेदनेवरच्या औषधानं हान गुंगीत असायचे. एका दुपारी फांग आली. हानशेजारी बसून तिनं मोठ्यानं विचारलं, “लाओ हान, येशूवर विश्वास ठेवतोस ना?”

हाननी मान हलवली. हो.

फांगचे डोळे भरून आले. तिनं टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सुचित्राबाईंपुढे धरला. “बघितलंस? आता बाप्तिस्मा दे. पाळकांना बोलावायला वेळ नाही.”

सुचित्राबाईंच्या हातात पेला आला. इतकी वर्षं या कामात गेली, बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि हा माणूस त्यांना नुसता आवडत नव्हता, तो आता घरचा झाला होता. युनला काय वाटेल, तेही डोळ्यांपुढे आलं. त्या वाकल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “लाओ हान, बाहेर बर्फ पडतोय का?”

हाननी तशीच मान हलवली. हो.

त्यांनी पेला खाली ठेवला. “फांग, ते सगळ्यालाच हो म्हणताहेत.”

“मग काय झालं? प्रभूला मन कळतं. तू पाणी लाव.”

“त्याला कळतं, म्हणूनच मी लावणार नाही.”

“एका माणसाचा आत्मा तू हातचा घालवतेस,” फांग म्हणाली आणि उठून गेली. सुचित्राबाईंनी कापूस त्याच पाण्यात भिजवून हानचे कोरडे ओठ पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हान गेले.

युन दोन दिवसांनी पोचली. विमानतळाच्या गर्दीतच तिनं विचारलं, “बाबांनी विश्वास ठेवला?”

“नाही, बाळा.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“विचारलं. ते नाही म्हणाले.” आणि हान जे बोलले होते ते त्यांनी शब्दशः सांगितलं. गुंगीतल्या होकाराचंही लपवलं नाही. युन ऐकत गेली, तिचा चेहरा पांढरा पडत गेला. हॉटेलच्या दारात सुचित्राबाईंनी हात पुढे केला, तो न धरताच ती आत गेली.

घरी इरानं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. सगळं ऐकून इरा म्हणाली, “मम्मी, यू कुड हॅव जस्ट सेड येस. तिला तेवढाच आधार झाला असता.”

“झाला असता,” सुचित्राबाई म्हणाल्या. आपण बरोबर केलं, अशी खात्री त्यांना त्या दिवशी नव्हती.

दहनाच्या दिवशी युन आली. वर्कशॉपमधले चार-पाच जण होते. आत दाहिनीत सगळं उरकेपर्यंत बाहेरच्या सावलीत थांबायचं होतं. युन बराच वेळ लांब उभी राहिली, मग येऊन त्यांच्या शेजारी बसली. जमिनीकडे बघत म्हणाली, “मी फोनवर प्रार्थना करायला लागले की बाबा गप्प व्हायचे. फोन बाजूला ठेवून द्यायचे ना?”

“नाही. फोन मी धरलेला असायचा. तुझं आमेन होईपर्यंत ते मला तो हलवू द्यायचे नाहीत.”

युननं मान वर केली.

“मी एकदा विचारलं, काय ऐकता? तर म्हणाले, शब्दांकडे माझं लक्ष नसतं. लहानपणी ही झोपेत अशीच पुटपुटायची. मी सुट्टीवर घरी आलो की रात्रभर ऐकत पडायचो.”

“हे खरंच म्हणाले?”

“खरंच म्हणाले.”

युननं पुन्हा विचारलं नाही. ती सुचित्राबाईंच्या खांद्याला टेकली आणि मोठमोठ्यानं रडली. तिला त्यांनी रडू दिलं. पुढे ती अस्थी घेऊन गावी गेली, आजीच्या शेजारी त्या पुरल्या, आणि तसं फोन करून कळवलं.

वर्षअखेरीस पुण्याहून मंडळीच्या आताच्या पाळकसाहेबांचा नेहमीचा फोन आला. यंदा चिनी मंडळीत भर किती पडली, त्यांनी विचारलं.

“एकही नाही, साहेब.”

ते म्हणाले, “बरं. काम चालू ठेवा.”

फांग मात्र पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. उपासनेत त्यांच्यापासून लांबच्या रांगेत बसायची. मग एका रविवारी तिनंच वाटेत गाठलं. अजमानला एक चिनी बाई बाळंत झाली होती, अंगात ताप होता, नर्सचं बोलणं तिला कळत नव्हतं.

“येतेस?” फांगनं विचारलं. आवाजात राग अजून होताच.

“चल,” सुचित्राबाई म्हणाल्या, आणि दोघी बसस्टॉपकडे निघाल्या.