तुळशीरामनं बेल उचलला नाही

आमच्या गावात खरं-खोटं ठरवायचं काम माणसांकडं कधी नव्हतंच. ते एका पितळी ताटलीकडं होतं. खंडोबाच्या देवळातल्या कोनाड्यात ती पडलेली असायची. भांडण पेटलं की गुरव तिच्यात बेलाची दोन पानं आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे हळद, टाकायचा आणि भांडणाऱ्यांपुढं धरायचा. ज्यानं बेल-भंडारा उचलून कपाळाला लावला तो खरा. मग पाच रविवार वाट पाहायची. शपथ खोटी असेल तर तेवढ्या मुदतीत देव त्याच्या घरावर काहीतरी आणणार. नाही आणलं तर निकाल पक्का. कुणाला डोकं चालवायला नको, कुणाला डोळे उघडायला नकोत. आणि वर छाती पुढं काढून सांगायचे, की देवाचा धाक आहे म्हणून गाव नीतीनं चाललंय.

काय ती नीती! दुसरबीडच्या बाजारात कालची वांगी ‘आईची आण, सकाळीच तोडली’ म्हणून विकणारे हेच लोक. आईची आण, गळ्याची आण, पोराच्या डोक्यावर हात. दिवसभरात एकेकाची आई दहा वेळा पणाला लागायची.

या गावात कधीच आण न घेणारा माणूस एकच होता. तुळशीराम मिस्तरी.

हा काही मोठा माणूस नव्हे. विहिरी बांधायचा. काटकुळा, चुन्यानं हातांना भेगा पडलेल्या, उजव्या अंगठ्याचं नख हातोडी बसून कायमचं काळं. बोलायचा इतकं कमी, की नवख्याला वाटावं माणूस मुका आहे. ‘इथं पाणी लागन का?’ विचारलं तर ‘लागन’ किंवा ‘नाही लागत’, एवढंच. नाही लागत म्हणाला तर चालून आलेलं काम सोडून घरी जायचा. मी त्या काळात सभा घेत फिरायचो. शाळा चौथीपर्यंतची, बाकी सगळं हाताला लागेल ते वाचून स्वतः मिळवलेलं. देवाशिवाय माणूस नीट वागू शकतो, हे मी देऊळगाव राजाच्या बस स्टॅंडावर घसा फोडून सांगायचो. तुळशीराम माझ्या एकाही सभेला आला नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्या मळ्याच्या वाटेवर एक सामाईक विहीर होती. माणिकरावाचा बाप आणि विमलबाईचा सासरा, दोघांनी मिळून खणलेली. कागद नाही, तोंडाचा शब्द. बांधली तुळशीरामनं. पश्चिमेकडून माणिकरावाची मोट चालायची, पूर्वेकडून विमलबाईची. दोघं म्हातारे गेले, विमलबाईचा नवराही गेला, तरी मोटा चालत होत्या. मग माणिकरावानं तेलाचं इंजिन आणलं. इंजिन आलं आणि त्याला वाटायला लागलं की अख्खी विहीर आपलीच असावी. विमलबाई आठ दिवस माहेरी जळगाव जामोदला गेली होती, तेवढ्यात त्यानं पूर्वेची धाव, म्हणजे मोटेचे बैल ज्या उतारावरून चालतात ती, नांगरून टाकली. मोटेचं लाकूड ज्यांच्यावर टेकतं ते विहिरीत पुढं आलेले दोन लांब दगड घण घालून तोडले आणि वरून चुना फासला. बाई परतली तर तिची बाजूच नाही. वांगी ऐन फुलावर आलेली.

रविवारी देवळापुढं गाव जमलं. सरपंच अर्जुनराव मध्ये बसले. माणिकराव अंघोळ करून, गंध लावून आलेला. हा माणूस रोज दोन तास पूजा करायचा. गाव त्याला धर्मात्मा म्हणायचं. ज्या गावात दोन तास घंटा वाजवून धर्मात्मा होता येतं, तिथं दुसरं काय होणार!

“तुळशीराम, विहीर तू बांधली,” अर्जुनराव म्हणाले. “सांग, कोणाची?”

“दोघायची. दोघं म्हातारे काठावर उभे होते. निम्मी-निम्मी म्हणले. म्या दोन मोटीचे दगड बसवले. एक जोड इकून, एक तिकून.”

“उचल बेल.”

“बेल कायले? सांगतलं ना.”

लोक हसले. अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली. “अरे, सांगतेत तं सारेच!”

“सारे काऊन सांगतेत ते मले नाही माहीत. म्या पाह्यलं ते सांगतलं.”

“भेऊन राह्यला तो,” माणिकराव म्हणाला. “खोटं पचन नाही म्हणून हात मांगं घेते. आणा इकडं ताटली.”

आणि पानसुपारी उचलावी तसा त्यानं बेल उचलला. भंडारा कपाळाला लावला. “विहीर माह्या बापाची, एकट्याची. बाईची मोट निस्ती मेहरबानीची.” आवाज जरासुद्धा हलला नाही. का हलावा? रोजची ओळख देवाशी.

तेव्हा तुळशीरामला दगड आठवले. “मंग विहिरीत उतरून पाहा ना. बाहीर निंघलेला दगड तोडला असन, पण त्याची शेपटी हातभर भिंतीत असते. चुना खरवडला की दिसन.”

अर्जुनरावांनी दोन्ही कानांना हात लावले. “आता? बेल उचलल्यावर? देवानं आयकून घेतलं अन आपण विहिरीत डोकावाचं? म्हंजे आपला देवावर भरोसा नाही का? पाच रविवार थांब.”

म्हणजे हे आधी बोलला असता तर कुणीतरी कदाचित पाहिलंही असतं. पण या शहाण्याला वाटलं, आपला शब्द पुरेल. शब्द! या गावात!

माझं डोकं फिरलं. सभा उठल्यावर मी त्याला वाटेत गाठलं.

“काका, तुमाले देव आहे असं वाटते का?”

“हाये का नाही, मले ठावं नाही. असलाच तं बेलाबिगर आयकते.”

“मंग झालं! तो दगड आहे, पान हे पान आहे. उचलायचं, कपाळाला लावायचं, बाईचं पाणी वाचवायचं. तुमच्या बापाचं काय गेलं असतं?”

“तुमच्यासाठी पान, त्यायच्यासाठी देव,” तो चालता चालता म्हणाला. “म्या उचललं तं दोघायलेबी फसवलं.”

“अन माणिकरावनं?”

“ते माणिकरावले इचारा.”

मी शिवी हासडली आणि मागं फिरलो. दगडावर डोकं आपटल्यासारखं वाटलं. जन्मभर मी ज्या नीतीवर भाषणं ठोकली, ती समोर चालत होती आणि मला तिचा राग येत होता.

पाच रविवारांची मुदत म्हणजे पाणी माणिकरावाकडं. विमलबाई नाल्यातल्या झिऱ्यावरून डोक्यावर घागरी आणून वांग्यांना घालायची. अर्ध्या कोसाची वाट. आधी पालक सोडला, मग मेथी सोडली, मग वांग्याच्या निम्म्या ओळी. गाव काठावर बसून देवाची वाट बघत होतं.

आणि तिसऱ्या रविवारी देवानं कौल दिला. तुळशीरामची शेळी मेली.

झालं काय, तर शेळी दावं तोडून कापलेल्या ज्वारीच्या वावरात शिरली आणि खुंटांना आलेले कोवळे फुटवे खाऊन फुगली. हे फुटवे जनावराला विषासारखे असतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं जनावर असंच जातं आणि दर वर्षी लोक म्हणतात, फुटव्यांनी गेलं. पण ती शेळी तुळशीरामची होती ना! म्हणून ती फुटव्यांनी मेली नाही, बेल नाकारल्याबद्दल खंडोबानं मारली. पाराच्या दगडावर बसून चाळीस-चाळीस वर्षं शेती केलेली माणसं एकमेकांना हे सांगत होती. त्याच आठवड्यात माणिकरावाच्या सुनेला मुलगा झाला. मग तर विचारायलाच नको. निकाल पाचव्या रविवारी फक्त तोंडानं बोलायचा बाकी राहिला.

पाचव्या रविवारी सकाळी मी तुळशीरामच्या ओट्यावर बसलो होतो. सारं गाव देवळाकडं निघालेलं. तेवढ्यात विमलबाई आली. डोक्यावरची घागर तिनं ओट्यावर आदळली, पाणी माझ्या धोतरावर उडालं.

“मिस्तरीबाबा, तुमचं खरं तुमच्या घरात झाकून ठेवा. माही वांगी गेली. दोन पानं उचलाची होती. एवढी जड होती का तुमाले?”

“जड नव्हती, बाई.”

“मंग?”

तुळशीराम अंगठ्याचं काळं नख चोळत बसला. मग म्हणाला, “आज पान उचलून खरा झालो, तं उद्या पान नसन तवा माह्या शब्दाले कोण पुसन?”

“अन आज कोण पुसून राह्यलं?”

मी इतकी भाषणं केली, इतकी वादावादी केली, पण त्या माणसाला गप्प करणारं असं एक वाक्य मला सुचलं नव्हतं. तुळशीराम उठला, आत गेला आणि दोर, छिन्नी, हातोडी घेऊन बाहेर आला.

“चाल,” तो तिला म्हणाला. माझ्याकडं पाहून म्हणाला, “तुमी निस्ते बसता का दोर धरता?”

विहिरीशेजारच्या बाभळीला दोराचा एक वेढा दिला, टोक मी आणि विमलबाईनं धरलं. साठी ओलांडलेला माणूस, पायांनी भिंत चाचपत खाली उतरला. हातोडीचा आवाज विहिरीतून घुमायला लागला तसं देवळापुढचं गाव धावत आलं. पुढं माणिकराव, मागं अर्जुनराव, त्यांच्या मागं ताटली घेऊन गुरव.

“पाप करून राह्यला हा!” माणिकराव ओरडला. “देवाचा निकाल लागून राह्यला अन हा देवाचं तोंड उघडून पाह्यते!”

“तुळशीराम, वर ये बे!” अर्जुनराव.

“येतो,” खालून आवाज आला. “पह्यले तुमी खाली पाहा.”

कुणी पुढं होईना. शंभरभर माणसं विहिरीपासून चार हात लांब उभी. कुणी आभाळाकडं बघतंय, कुणी आपल्या पायांकडं. आयुष्यभर वर बघून हात जोडणारी ही जमात, हातभर खाली बघायचं म्हटल्यावर त्यांच्या माना ताठ झाल्या. माझ्या हातात दोर होता म्हणून, नाहीतर एकेकाला मी कॉलर धरून वाकवलं असतं.

विमलबाईनं दोर माझ्या हातात सोडला आणि ती अर्जुनरावांपुढं गेली. “पाहा ना, सरपंच. काऊन भेता? विहिरीत देव नसते का?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अर्जुनराव चिडून पुढं झाले आणि वाकले. मग बाकीचे वाकले. पूर्वेच्या भिंतीवर, काठापासून हातभर खाली, खरवडलेल्या चुन्यात दोन चौकोनी काळी तोंडं दिसत होती. ताजी तुटलेली, चमकणारी. दोघांमध्ये बरोबर एका मोटेचं अंतर. पश्चिमेच्या जोडीसमोर बरोबर तेवढीच. आंधळ्यानंही हात लावून सांगितलं असतं.

मला वाटलं, आता माणिकरावाची मान खाली जाईल. छे! “बापानं मले सांगतलं नव्हतं,” तो म्हणाला. “म्या नादानीत उचलला.”

दगड ज्यानं स्वतः उभं राहून फोडून घेतले, तो नादान!

“नादानीत उचलला तं दोष नाही,” अर्जुनराव लगेच म्हणाले. आणि गुरवानं कळस केला. ताटली उंच धरून म्हणाला, “पाचव्या रविवारीच उघडं पडलं, पाहा! खंडोबानंच मिस्तरीले बुद्धी देली. बेल खरा झाला!”

‘येळकोट येळकोट’ सुरू झालं. ज्या माणसाला दोन आठवडे खोटा ठरवलं, त्याला वर ओढून घेतल्याबरोबर त्याच्या कपाळाला भंडारा फासायला दहा हात पुढं आले. तुळशीरामनं खांद्यावरच्या फडक्यानं कपाळ पुसलं. मग गुरवाला विचारलं, “मंग माही शेळी काऊन मेली?”

“ते... ते तुमची परीक्षा होती, मिस्तरी.”

“माही परीक्षा अन मेली शेळी?”

विमलबाई हसली. पाच रविवारांत पहिल्यांदा.

निम्मी विहीर तिला परत मिळाली. वांगी मात्र गेलीच, ती देवानंही दिली नाहीत आणि माणिकरावानंही. माणिकराव दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास घंटा वाजवत होता आणि ताटली पुन्हा कोनाड्यात जाऊन बसली. तिची अब्रू उलट वाढलीच. पाचव्या रविवारी सत्य बाहेर काढणारी ताटली म्हणून शेजारच्या गावांतूनही लोक यायला लागले. मी त्यावर तीन सभा घेतल्या. तिसरीला सात माणसं होती, त्यातली दोन बसची वाट पाहत होती.

पुढच्या आठवड्यात तुळशीराम पूर्वेची नवी जोड घडवत होता. मी गेलो. ‘बेल उचला’ म्हणालो होतो, ते मनात सलत होतं. पण चुकलो म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून मी नुसता बसून राहिलो. दगडाचं पुढं येणारं टोक घडवून झालं होतं. आता तो भिंतीत जाणारी शेपटी तासत होता. काटकोनाच्या गुण्यात धरून, सूत लावून, एकेक टिचकी.

“काका,” मी म्हणालो, “हे तं भिंतीत जाणार. हे कोण पाह्यते?”

हातोडी थांबली नाही.

“औंदा पाह्यलं ना साऱ्या गावानं,” तो म्हणाला.