अर्ध्या बोटाची फट

सन दोन हजार चार. माझं वय तेव्हा एकोणसाठ. शाळा चौथीपर्यंत, पण पुण्यात सुतारकाम करून पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि कुणी मला काही शिकवावं असं माझ्या मनात त्या काळी येत नसे. आजही फारसं येत नाही.

मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, सूनही तिथेच. दोघांनी विमाननगरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हाला म्हणाले, आता तिकडे कशाला राहता, इकडे या. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांना कुलूप लावून मी आणि बायको तिथे गेलो. सून कंपनीच्या कामाने सहा महिने परदेशात राहून आली होती. तिथे तिने घराघरातून लाकडी जमीन पाहिली होती. आपल्या हॉलमध्येही तशीच पाहिजे, असं तिने ठरवलं.

मी म्हणालो, "लाकूड काय पायाखाली घालायची वस्तू आहे?"

"बाबा, एकदा बघा तर खरं," मुलगा म्हणाला.

मग खोकी आली. ओक नावाचं लाकूड. मी एक पट्टी हातात घेतली, उन्हात धरली, अंगठा फिरवला आणि गप्प बसलो. चांगल्या लाकडापुढे मी वाद घालत नाही.

दुकानदाराचं म्हणणं, बसवायला कंपनीचा माणूस येईल. मी सांगितलं, "सुताराच्या घरात दुसरा सुतार येणार असेल तर मी आधी बाहेर पडतो." मुलगा हसला. दुकानदार म्हणाला, चालेल, पण मग या कार्डावर सही लागेल. कार्ड इंग्रजीत. त्यावर लिहिलेलं, दुकानदाराने सांगितलं ते, एवढंच की बसवणाऱ्याने पुस्तिकेप्रमाणे काम केलं आहे; तसं असेल तरच पंधरा वर्षांची वॉरंटी. मी सही केली. काम अजून सुरूही झालं नव्हतं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, पुस्तिका वाचून दाखवू का? चित्रंपण आहेत त्यात."

"ठेव कपाटात. लाकूड मला वाचता येतं."

मे महिना होता. मी एकट्याने नऊ दिवस काम केलं. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत सरस लावून बसवायची, ठोकायची, पुढे सरकायचं. खोक्यात निळ्या प्लास्टिकच्या लहान लहान पाचरी निघाल्या. मला वाटलं, जहाजातून येताना पट्ट्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून घातल्या असतील. झाडून कोपऱ्यात लोटल्या. त्यातल्या दोन-तीन बायकोने उचलून ठेवल्या, कशाच्या तरी पायाखाली सारायला बऱ्या म्हणून.

आता माझ्या चुकीचं सांगतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुकानदार म्हणाला होता, हे भट्टीत वाळवलेलं लाकूड आहे, याला काही होत नाही. तेवढं मी बरोबर ऐकलं, कारण मला ते ऐकायचं होतं. आमच्या कामात फट म्हणजे शिवी. जोडात पोस्टकार्ड शिरलं तर माझ्या गुरूने थोबाडीत मारलेली आहे. भिंतीजवळ थोडी जागा सोडली असती तर ती भिंतीच्या पायथ्याला वरून बसणाऱ्या स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकली गेली असती, कुणालाही दिसली नसती. पण मला माहीत असती ना. म्हणून मी शेवटची पट्टी रंध्याने केसभर केसभर उतरवत भिंतीला नेऊन भिडवली. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणालो, "बघ, भिंत आणि लाकूड. मध्ये कागद घालून दाखव."

तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "भिंत बी तुम्हीच बांधल्यागत दिसतंय."

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने. मुलाच्या ऑफिसातली माणसं शनिवार-रविवारी यायची, बूट बाहेर काढायची, खाली बसून जमिनीवरून हात फिरवायची. मुलगा म्हणायचा, "माझ्या वडिलांनी केलंय. सुतार आहेत ते." कॉलेजात असताना हाच मुलगा मित्रांना सांगायचा, वडिलांचा फर्निचरचा बिझनेस आहे. आता सुतार म्हणाला तेव्हा मी बायकोकडे पाहिलं, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

ऑगस्टमध्ये जमीन उठली. आधी सोफ्यापुढची टीपॉय डुगडुगायला लागली, मग चालताना पायाखाली पोकळ वाजायला लागलं, आणि महिना संपेपर्यंत हॉलच्या मधोमध हातभर रुंदीचा उंचवटा आला. काही जोड चिरडून त्यांच्या कडा वर आल्या. सून रोज ऑफिसला जाताना थांबून उंचवट्याकडे बघायची. मुलाने कंपनीला तक्रार लिहिली.

तपासायला एक तरुण आला. टाय लावलेला, पण पायमोजे फाटके. वागायला सभ्य होता. त्याच्याकडे दोन सुयांचं यंत्र होतं, ते त्याने ठिकठिकाणी टेकवलं आणि म्हणाला, "ओल आहे. आता ती हवेतली आहे का पाण्याची, ते बघायचं. आजोबा, काम तुमचं ना? भिंतीजवळ फट सोडली होती?"

"कसली फट?"

"अर्ध्या बोटाची. खोक्यात निळ्या पाचरी असतात बघा. त्या भिंतीला लावून काम करायचं आणि शेवटी काढून घ्यायच्या. लाकडाला फुगायला जागा लागते."

पाचरी कशासाठी होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. मी, बायको, मुलगा आणि तो. बोलता बोलता त्याची नजर दाराशेजारच्या चपलांच्या कपाटाकडे गेली. कपाटाच्या एका पायाखाली निळी पाचर होती.

तो म्हणाला, "स्कर्टिंगची एक पट्टी काढून बघू. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझ्या कामाला पटाशी लावायची नाही."

"अहो आजोबा, परत बसवून देतो."

"वय किती तुझं?"

"सत्तावीस."

"मग बस खाली, चहा घे. पट्टी निघणार नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, बघू दे ना त्याला." मी दोन्ही हात मागे बांधून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. असा उभा राहिलो की मला हलवायचं तर धक्काच मारावा लागला असता.

आणि तेव्हा बायको म्हणाली, "साहेब, पानी मी वापरलंय."

तो वळला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. "बादली घेऊन पुसत हुते रोज. फिनेल टाकून. सूनबाई नको म्हनली हुती, पर सवय जात न्हाई."

खोटं. सूनबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आई, इथे पाणी नाही, फक्त कोरडं फडकं. तेव्हापासून बायको माझ्या जुन्या धोतराच्या तुकड्याने उकिडवी बसून हॉल पुसायची. पेल्यातला थेंब सांडला तर पदराने टिपायची. चार महिन्यांत त्या हॉलमध्ये बादली आली नव्हती. मला हे माहीत होतं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि मी काही बोललो नाही.

त्या तरुणाला बरंच वाटलं असावं. वादाचा विषय संपला. "अहो मावशी, पाणी म्हणजे याला विषच," असं म्हणत त्याने कागद भरला, मराठीत अर्थ सांगितला आणि पेन तिच्या पुढे केलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन ती सही शिकली होती. एकेक अक्षर सावकाश काढत तिने सही केली, मग पेनाला टोपण लावून ते त्याला परत दिलं.

त्या संध्याकाळी मुलगा तिला म्हणाला, "आई, पंधरा वर्षांची वॉरंटी तू एका बादलीत बुडवलीस."

ती म्हणाली, "चुकलं बाबा." एवढंच.

कंपनीने तक्रार फेटाळली. मुलाने परत लिहिलं, तर उत्तर आलं की घरातल्या व्यक्तीनेच लेखी कबूल केलं आहे. त्यानंतर त्या घरात बायकोशी कामापुरतं बोलणं राहिलं. सुनेने मोलकरणीला सगळं समजावून सांगितलं, कोरडं कसं पुसायचं, कुठून कुठे पुसायचं. तेही हिच्या देखत, मोठ्या आवाजात. ही हॉलमधून जायचं टाळू लागली. जावंच लागलं तर भिंतीच्या कडेकडेने जायची, परक्याच्या घरात आल्यासारखी. दिवसभर स्वयंपाकघरात बसायची. तिथे साधी फरशी होती.

दसऱ्याच्या आधी ती मला म्हणाली, "चला आपल्या घरी. हितं लिफ्टनं मला चक्कर येती."

आम्ही विश्रांतवाडीला परत आलो. ती त्या फ्लॅटमध्ये राहायला पुन्हा कधीच गेली नाही, हे इथेच सांगून टाकतो. पुढे नातवंडं झाली तरी नाही.

दिवाळी आली. बोलावणं आलं नाही. तिने तरीही फराळ केला. मुलाला आवडतात म्हणून पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, आणि करंज्या. सगळा मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "द्या आणि लगेच या. बसू नका."

मी संध्याकाळी गेलो. सून माहेरी गेली होती, मुलगा एकटाच होता. जमीन तशीच होती, उंचवट्यावर त्यांनी सतरंजी टाकली होती. मुलाने फराळ दुसऱ्या भांड्यात काढला आणि डबा घासायला घेतला. त्याच्या पाठीकडे बघत मी म्हणालो, "भिंतीजवळ फट सोडायची होती. मी सोडली नाही. तुझ्या आईने पाणी लावलेलं नाही."

नळ चालूच होता. तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तो माणूस यायच्या आधीपासून. पुस्तिका वाचली मी, जमीन उठली त्या दिवशी. पहिल्याच पानावर आहे, बाबा."

"मग आईला का बोललास?"

त्याने नळ बंद केला. डबा पुसत राहिला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "तुम्हाला बोलता येतं का?" तो म्हणाला. "लहानपणापासून आजपर्यंत, तुमचं चुकलं असं या घरात कुणाला तुमच्यासमोर म्हणता आलंय?"

"आणि तिला येतं?"

"हो," तो म्हणाला. "तिला येतं." आणि त्याचा चेहरा लहानपणी पडून लागल्यावर व्हायचा तसा झाला. मी जवळ जायला हवं होतं. मी डबा घेतला आणि लिफ्टकडे गेलो.

घरी आलो. बायकोने डबा हातात घेतला, वजनावरूनच तिला कळलं, तरी तिने झाकण उघडून आत पाहिलं. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. शेजारणीचा असला तरी चिमूटभर साखर घालतात. तिने झाकण लावलं.

"विसरला असंल," ती म्हणाली. "पुरुषाच्या जातीला कुठं लक्षात ऱ्हातंय."

मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू का बोललीस?"

ती डबा फळीवर ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "पोरगं चार मान्सांत बाप सुतार हाय म्हनायला लागलं हुतं. पट्टी निघाली असती तर परत कशाला म्हनलं असतं?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय. मला कोन इचारतंय, मी काय काम करती."

ती हे रडून किंवा टोमणा म्हणून बोलली नाही, पाऊस थांबला असं सांगावं तसं बोलली. पाचशे लोकांपुढे माझी पटाशी मोडून माझ्या हातात दिली असती तरी मला एवढं लागलं नसतं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या कामाला एकदाही हात लावून बघितलं नव्हतं, आणि माझ्या कामासाठी ती लेकापुढे खोटी ठरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच मी निघालो आणि दुकान उघडायच्या आधी त्या दुकानदाराच्या पायरीवर जाऊन बसलो. तो आला, म्हणाला, "आजोबा, सणाचं काय काढलंत?" मी सांगितलं, सहीचा कागद बदलायचा आहे. तो म्हणाला, ती फाइल कधीच बंद झाली, आणि तुम्ही म्हणता तसं असलं तरी वॉरंटी मिळणार नाही, चूक बसवणाऱ्याची निघते.

"मला वॉरंटी नको. लिहा."

"मी लिहून काय होणार? कंपनी वाचणारसुद्धा नाही."

"तुम्ही लिहा. मराठीत लिहा. मग कंपनी वाचो नाही तर चुलीत घालो."

मी उठत नाही हे बघून त्याने कागद काढला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. बसवणाऱ्याने भिंतीजवळ फट सोडली नाही. बसवणारा मी. घरातल्या बाईने पाणी वापरलेलं नाही, तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी तो कागद बोट ठेवून दोनदा वाचला, एका ठिकाणी त्याने 'बाई' लिहिलं होतं ते खोडून 'पत्नी' लिहायला लावलं, आणि सही केली. कोपऱ्यावर जाऊन त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद दुकानदाराच्या फायलीत लावून घेतला. झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली, आणि सून माहेराहून दुपारपर्यंत येईल असा हिशेब करून विमाननगरच्या बसमध्ये बसलो, कारण तिला अजून कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.