रानातल्या देवाला गाऱ्हाणं

मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि सून, दोघीच. मी मासे विकायची, ती शिवणकाम करायची. दोडामार्गकडच्या एका केळीबागवाल्याने तिला मागणी घातली. बायको वारलेली, माणूस बरा. तिच्या मनात होतं, मला दिसत होतं. पण विचारलं की एकच उत्तर, "तुमका टाकून माका खंय जावचा नाय."

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून देवाकडे मागता आलं असतं. पण तिथे ते गावचा मानकरी, गावकर घालतो आणि अर्धा गाव ऐकतो. म्हणून मी तिला डोंगरातल्या नव्या देवळात नेलं. शहरातून आलेल्या एका जोडप्याने ते बांधलंय. मला वाटलं, तिथेही कोणीतरी गाऱ्हाणं घालणारा असेल.

कोणी नव्हतं. मूर्ती नाही, भिंती नाहीत. एक झरा, एक जुनं आईनाचं झाड आणि त्याच्याभोवती चिऱ्यांचा गोल ओटा. पाटीवर लिहिलेलं, नारळ फोडू नये.

"आता गाऱ्हाणा कोण घालतलो? झाड?" सून म्हणाली.

"मी घालतंय."

"बायकांनी घालूचा नसता."

"हय अडवूक कोण आसा? माकडा?"

गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाहीतर ते देवाला पोचत नाही. इथे म्हणायला ती एकटीच होती.

"बा देवा म्हाराजा, ह्या रानाक आणि पाण्याक सांभाळ, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ही म्हातारी तोंडाळ आसा, पण हातपायांन धड आसा, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ती हसली.

"ह्या चेडवाक, माझ्या सुनेक, बरा घर इला हा. ह्याच्या मनात जावचा आसा, रे म्हाराजा."

एसटी चारची होती, मला घाई नव्हती. ती ओट्यावर बसली, पदराने नाक पुसलं, बराच वेळ झऱ्याकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी हात जोडून निघणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"आणि म्हातारेन दर म्हयन्याक आठ दिस माझ्याकडे येवन रवाचा, रे म्हाराजा."

मी कोणाच्या घरी राहायला जात नाही. सख्ख्या बहिणीकडेही कधी राहिले नाही. पण ती मनगट सोडेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.