जावेची गाणी नव्या कॉम्प्युटरात जाईपर्यंत कोणी उठायचं नाई

बायांनो, आज दुपारी मी सारं घर कोंडून ठेवलं.

आमचा जुना कॉम्प्युटर मरायले टेकला. त्यात माझ्या थोरल्या जावेची रोवणीची, म्हंजे धान लावतानाची, गाणी होती. जाऊबाई आता नाईत. नातीनं तार जोडून गाणी नव्या कॉम्प्युटरात पाठवायचं सॉफ्टवेअर लावलं. म्हणे, फुकट आहे, कोणीबी घ्यावं.

आमच्यात धानाची रास मोजताना खळ्यातून कोणी उठत नाई. म्हणून मी दारातच पिढा टाकून बसली. शेजारची शबाना साखर मांगायले आली, तेबी अडकली.

"आजी, मले जाऊ द्या. गॅसवर दूध आहे."

"राहू दे. बस."

शेवटी जाऊबाई नव्यातून गायल्या. मंग जुन्यातूनबी गायल्या. रास हलवली, तरी धान साठवायची जुनी ढोली भरलेलीच.

शबानाचं दूध मात्र उतू गेलं. आता सांगा, ते मी भरून द्यावं का जावेनं?