वरची ओळ सेइनीची

लिसिआतेचं दुकान वावाऊ बेटावर, नेइआफू गावच्या बंदरावरून वर येणाऱ्या चढावर, पावाच्या भट्टीला लागून. बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन कोणी आलं की हा बाबा पेचकस हातात घ्यायच्या आधी एकच विचारायचा, "दुसरी प्रत ठेवलीय का?" ठेवलेली नसायचीच. मग गिऱ्हाईक कोण आहे हेसुद्धा न बघता तो झाडायचा. पाद्रीबाबा त्यातून सुटले नाहीत. "भरवसा देवावर ठेवा, हार्ड डिस्कवर नको!" असं त्यानं त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. असला हा माणूस, आणि त्याच्याच घरात काय घडलं ते ऐका.

घरात माणसं तीन. तो, त्याची धाकटी बहीण सेइनी आणि सेइनीची लेक लोसे. सेइनीचा नवरा फळं तोडायच्या कामाला ऑस्ट्रेलियात गेला आणि तिकडचाच झाला. त्याचं नाव घरात निघत नसे. सेइनी शाळेत शिकवायची. आता बहीण वयात आली की भावानं तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तिच्या पेटीला हात लावायचा नाही, तिच्यासमोर थट्टामस्करी नाही, हे वावाऊत सगळेच पाळतात. लिसिआते जरा जास्तच पाळायचा. तो दारात बसलेला असला तरी सेइनी चुलीपाशी उभी राहून म्हणायची, "लोसे, मामाला सांग, जेवण थंड होतंय." मग लोसे मामाच्या पाठीवर धपका मारून ओरडायची, "ए मामा, ऊठ! बहिरा झालास काय?" भाचीला ती मुभा असते. मामाच्या डोक्यावर मिऱ्या वाटायचा हक्क ती जन्माला येतानाच घेऊन येते, आणि मामानं हसत हसत डोकं पुढे करायचं असतं.

ऑकलंडच्या चुलतभावानं बोटीनं पिंप पाठवलं, त्यात ब्लँकेटं आणि डब्यातल्या मांसाच्या खाली एक जुना कॉम्प्युटर निघाला. सेइनीला शाळेच्या कामाला तो हवा होता, लिसिआतेलाही हवा होता. पण भावाबहिणीनं एकाच कॉम्प्युटरवर बसायचं कसं? त्याचा मित्र पाऊला टॅक्सी चालवायचा आणि सगळ्यातलं सगळं आपल्याला कळतं असं समजायचा. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? दोघांची दोन नावं टाक, दोन पासवर्ड टाक, झालं!"

"नावं दोन, पण खोली एकच ना?" लिसिआते म्हणाला. "मला तिची भिंत वेगळी पाहिजे, दार वेगळं पाहिजे."

"मग बांध बाबा, पेटीत बंगला बांध!"

आणि त्यानं खरंच बांधला. हार्ड डिस्कचे दोन भाग केले, मोठा बहिणीला, उरलेला आपल्याला. आधी तिच्या भागात विंडोज घातलं, कारण ते मागून घातलं की आधीच्याचं दार बुजतं. मग आपल्या भागात लिनक्स; विंडोजचंच काम करणारं, पण फुकट आणि नाना जातींचं. मशीन म्हातारं, मेमरी तुटपुंजी; पहिलं लिनक्स गोगलगायीसारखं चाललं, दुसऱ्यात आवाजच येईना. शेवटी एक हलकंफुलकं मिळालं ते बसलं. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, ज्याला जी हवी ती त्यानं निवडायची. लिनक्स आपणहून स्वतःला वर बसवतं. लिसिआतेनं ते खाली उतरवलं आणि वरची ओळ सेइनीची केली. बहिणीच्या डोक्यावर भाऊ बसलेला शोभतो का? शिवाय लिनक्समधून विंडोजच्या भागात डोकावता येतं, तेही त्यानं बंद करून टाकलं.

"एका धडात दोन जीव कोंबलेस, लेका," पाऊला म्हणाला. "भांडतील रे."

"घरात भांडत नाहीत, तर पेटीत कशाला भांडतील?"

दर शनिवारी लिसिआते आपल्या भागाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायचा. बहिणीच्या भागाची कधीच नाही. न बघता उचलायची म्हटली तरी बहिणीची वस्तू उचलणं आलंच, असा त्याचा हिशोब. साऱ्या गावाला ज्याबद्दल शिव्या घातल्या ती चूक त्यानं घरात इतकी वर्षं केली आणि तिला मान राखणं म्हटलं.

मग सेइनीची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी परदेशाचं नाव घेतलं, पण तेवढी ताकद कोणाची होती? ती घरीच राहिली. संध्याकाळी लोसे शेजारी खेळायला गेली की ती कॉम्प्युटरपुढे बसायची, कानाला हेडफोन आणि तोंडापाशी माईक लावून हळूहळू बोलायची. तिचा आवाज कानावर आला की लिसिआते उठून अंगणात जायचा. आपल्यासाठी नाही ते ऐकू नये म्हणून पार विलायती फणसाखाली जाऊन उभा राहायचा.

एक दिवस ती दाराशी आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "लोसेसाठी बोलून ठेवलंय. एकेका वाढदिवसाला एकेक. माझ्या बाजूला आहे."

"बरं," तो म्हणाला.

अरे, बरं काय बरं! तेव्हा तरी विचारायचंस ना, दुसरी प्रत ठेवू का म्हणून? सगळ्या नेइआफूला विचारणारं तोंड तुझं, सख्ख्या बहिणीपुढे शिवलं होतं का? तिनंही परवानगी दिली असती. पण त्यानं विचारलं नाही, आणि भावाला असलं आपण होऊन कसं सांगायचं म्हणून ती परत फिरली.

ती गेली. राजधानीतून, नुकुआलोफाहून आत्या आली, कलोलाइने; बापाची बहीण म्हणून घरातली सगळ्यात मानाची बाई. ती मृत पोरीच्या उशाशी बसली. भावाची जागा मागे, चुलीपाशी. सुतकाच्या रीतीप्रमाणे फाटकी चटई कमरेला गुंडाळून लिसिआते आलेल्या-गेलेल्यांसाठी रताळी-कसावा शिजवत राहिला. धुराच्या आडोशानं त्याला पोटभर रडता आलं. माती झाली आणि आत्या बोटीनं परत गेली.

लोसेचा वाढदिवस आला. तिनं सकाळीच कॉम्प्युटर लावला, वरची ओळ निवडली आणि आईनं बोलून ठेवलेलं ऐकायला हेडफोन घालून बसली. पडदा निळा झाला तो निळाच राहिला. पेटीतून टक्-टक् असा आवाज यायला लागला. लिसिआते दाराबाहेर उभा होता. तो आवाज त्यानं दुकानात कितीदा ऐकला होता. डिस्क मरायला टेकली की असं करते. लगेच बंद करायची, पुन्हा चालू करायची नाही आणि एकदाच जपून जेवढं निघेल तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, एवढा एकच उपाय असतो.

त्यानं आत्याला फोन लावला. गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं काय करायचं ते आत्याच ठरवणार.

"आत्या, सेइनीच्या भागाला हात लावू का? वेळ फार नाही."

"खुळा झालास का रे? बहिणीची पेटी भावानं उघडायची? लोक तोंडात शेण घालतील."

"मी बघणार नाही काही. नुसतं उतरवून घेतो."

"मी येते. मी बसते खुर्चीवर, तू बाहेरून सांग. तोवर हात लावायचा नाही."

समुद्र खवळलेला होता आणि बोट सुटायचं नाव घेईना. इकडे लोसे शाळेतून आली की थेट कॉम्प्युटरपाशी.

"लोसे, नको लावू गं. ती डिस्क आजारी आहे."

"आई पण आजारी होती. तेव्हा मी रोज जायचे ना तिच्याजवळ?"

भाचीला नाही म्हणायची रीत नाही, आणि हिला तर त्याच्या तोंडून नाही निघणंच शक्य नव्हतं. मागची वायर काढून ठेवायला त्याचा हात पुढे व्हायचा आणि तिथेच थांबायचा. ती रोज लावायची, पेटी रोज टक्-टक् करायची, आणि तो दाराबाहेर उभा राहून आपल्याच जिवावर कोणी करवत चालवत असल्यासारखा ऐकायचा. लोसेलाच खुर्चीवर बसवून, बाहेरून सांगून सगळं उतरवून घेता आलं असतं. पण आत्यानं सांगितलं होतं, हात लावायचा नाही. मग त्या वाटेनं त्याचं डोकं चाललंच नाही. हे त्याला सुचलं ते धक्क्यावर, आत्या बोटीतून उतरताना दिसली तेव्हा.

आत्या खुर्चीवर बसली. लिसिआते पडद्याकडे पाठ करून दारात उभा राहिला आणि कीबोर्डवरचं एकेक अक्षर सांगू लागला.

"आत्या, आता डी. पुन्हा डी."

"हा कुठे लपलाय मेला? हां, सापडला."

जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरायला लागलं. आत्या दर थोड्या वेळानं आकडे वाचायची. सुखरूप किती, खराब किती. खराबचा आकडा वाढत गेला तशी लिसिआतेची मान खाली गेली. संपल्यावर त्यानं सांगितलं तसं आत्यानं नवी डिस्क उघडली.

"आहेत रे, नावं आहेत!" आत्या ओरडली. लोसे उडी मारून तिच्या खांद्याशी गेली. आत्या वाचू लागली, "'मी लोसेएवढी होते तेव्हा.' मग हे, 'तुझा बाप का गेला.' हे बघ, 'तुला पहिल्यांदा कोणी आवडेल तेव्हा.' आणि हे शेवटचं, 'लग्नाच्या दिवशी सकाळी.' बाई गं, सेइनी, काय काय बोलून ठेवलंस पोरी!"

लोसेनं हेडफोन घातला आणि पहिली लावली. खरखर. दुसरी लावली, नुसती खरखर. नावं तेवढी उरली होती, आतलं सगळं खरवडून गेलं होतं. ती एकेक लावत शेवटपर्यंत गेली आणि मग तिनं हेडफोन काढून मामाकडे धरला.

"मामा, नीट करून दे."

"नाही होणार गं."

"मी सांगतेय ना. करून दे."

"नाही, लोसे. गेलं सगळं. माझ्यामुळे गेलं."

आत्यानं हातातला रुमाल तोंडाला लावला. आपणच थांब म्हटलं होतं हे तिला कळून चुकलं होतं. लिसिआते अजून पाठ करूनच उभा होता. लोसे समोर येऊन उभी राहिली.

"मग तू सांग. आई माझ्याएवढी होती तेव्हा काय करायची?"

"मी वयात आलो म्हणून तेव्हा पोरांच्या वेगळ्या झोपडीत राहायला गेलो होतो. घरात झोपत नव्हतो."

"बाबा का गेला?"

"मी कधी विचारलं नाही तिला."

"ती रडली का तेव्हा?"

त्याला आठवेना. आठवणार कुठून? ती रडली असेल तर तो अंगणात असणार. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, तिच्या हातचं खाल्लं, तिला मान दिला, आणि आपली बहीण कशी होती हे आपल्याला ठाऊकच नाही, हे त्याला त्या क्षणी समजलं. त्याचं काळीज फाटलं. मेली तेव्हा फाटलं नव्हतं एवढं.

"तू तिचा भाऊ ना?" लोसे म्हणाली. "काहीतरी माहीत असेल. एक तरी सांग."

लिसिआतेनं खूप आठवून बघितलं. "नाही गं," तो म्हणाला, "एकही नाही."

लोसे वळली आणि आत्याआजीच्या मांडीत जाऊन बसली.