उन्हातल्या दोन बरण्या

“बाईचं डोकं दुखून राहिलं तर तिला घरी पाठवा. दुसरी पाहा,” मालक म्हणाले आणि फाइल मिटली.

बाई म्हणजे वच्छलाबाई. मोहगावहून सौंसरला आमच्या रंगाच्या कारखान्यात डबे भरायला यायच्या. घर त्यांच्याच मजुरीवर. भरणीच्या खोलीत थिनरचा वास कोंडायचा. मी तिथला केमिस्ट. दोन वर्षं एक्झॉस्ट फॅन मागत होतो. उत्तर ठरलेलं, “खिडकी आहे ना!” दुसरी बाई पाहायचं मी लांबवत राहिलो.

त्याच सुमारास एका मासिकात वाचलं होतं, की रंगातली पांढरी पूड, टायटॅनियम डायऑक्साइड, उजेडात हवेतला असला वास मोडते. ती उत्प्रेरक. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी: काम घडवून आणते, स्वतः खर्च होत नाही. आमच्याकडे तिचं एक रिजेक्ट पोतं पडून होतं, कारण त्या पुडीपासून केलेला रंग उन्हात भुकटी होऊन झडायचा.

काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीला आतून पुडीचा हात दिला, दुसरी कोरी. दोन्हींत थिनरचा किंचित वास कोंडून झाकणं मेणानं बंद केली. चार दिवस ट्यूबलाइटखाली ठेवून एकेक झाकण उघडलं. दोन्ही सारख्याच वास मारत होत्या. मी वैतागून झाकणं परत दाबली आणि बरण्या वच्छलाबाईंकडे धुवायला दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बरण्या घेऊन आल्या.

“धुतल्या नाई साहेब. झाकणंच निघेना. मेण पघळन म्हनून दिवसभर पत्र्यावर उनात ठेवल्या. आता उघडल्या तं पाहा, इचा वास गेला, तिचा तसाच हाय!”

मी हुंगलं. पुडीची बरणी साफ! मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. उजेड म्हटल्यावर मी ट्यूबलाइट शोधली, आणि पुडीला हवे ते अतिनील किरण घेऊन बाहेर सौंसरचं ऊन फुकट पडलेलं.

मालकांनी दोन्ही बरण्या तीनदा हुंगल्या.

“याचं यंत्र बनवा!”

“खोलीतली हवा पुडीपर्यंत न्यायला फॅन लागेल.”

“मग लावा ना! विचारून काय राहिले?”

“आणि वच्छलाबाई?”

“त्यांनीच तर शोधलं. राहू द्या.”

छपरावर काचेची पेटी बसली, आत पुडीच्या काचा, खाली खोलीतली हवा पेटीतून बाहेर फेकणारा फॅन. आठवड्यात वच्छलाबाईंचं डोकं दुखायचं थांबलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना घरची संत्री वाटली.

खरं सांगायचं तर बारा आणे काम फॅननं केलं, चार आणे पुडीनं. हे मी मालकांना कधी सांगितलं नाही. मालकाकडे फॅन मागू नये. शोध दाखवावा, फॅन त्याच्यामागून येतो.