ब्रेक हाय, पन लागत नाय

गॅरेजवाल्याकडे किस्से कसे जमतात, सांगू? लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे. रोज झाडा, रोज साठतो. पनवेलला जुन्या हायवेला लागून माझं गॅरेज आहे. आमच्या ह्यांनी काढलं, ते गेल्यावर मी चालवते. "बाईमाणूस आणि गॅरेज?" असं सुरुवातीला नाक मुरडणारे आता गाडी माझ्याचकडे आणतात आणि मुकाट्याने हात धुऊन चहा पितात.

हात धुऊन, हे महत्त्वाचं! माझ्याकडे नट संपतील, बोल्ट संपतील, साबण संपणार नाही. ग्रीसच्या हाताने कपाला हात लावलेला मला खपत नाही. लेथवर काम करणारे आमचे लतीफभाई म्हणतात, "भाभी, ये गॅरेज है के हॉस्पिटल?" म्हणोत बापडे. तेही धुतातच.

तर आजचे किस्से सगळे एकाच गिऱ्हाइकाचे. धाकूकाका, राहणार कोन गाव, आणि त्यांचा ट्रॅक्टर.

*

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे हं. बागेतला. लॉन कापायचा, गवत वाहायचा, बुटका, लाल, परदेशी बनावटीचा. बनवणारी कंपनी कधीच इतिहासजमा झाली. कोनच्या पुढे एका मुंबईवाल्यांचा बंगला होता, तिथे धाकूकाका माळी होते. बंगल्याच्या जागी टॉवर आले, लॉन गेलं, आणि जाताना मालक काकांना म्हणाले, "धाकू, हा तूच चालवलास, तूच घेऊन जा." त्या दिवसापासून काकांचा जीव त्यात.

एका दुपारी गेटवर आरडाओरडा झाला. "सरका! सरका! सरका!"

बघते तर लाल ट्रॅक्टर गेटातून आत शिरला, माझ्या समोरून गेला, लतीफभाईंच्या समोरून गेला आणि जुन्या टायरच्या ढिगात घुसून थांबला. काका खाली उतरले, टोपी सारखी केली.

"नमस्कार वयनी."

"काका, ब्रेक नाही का ह्याला?"

"हाय ना! ब्रेक हाय, पन लागत नाय."

"अहो, मग कोनवरून इथपर्यंत मध्ये थांबत कसे आलात?"

"थांबलोच नाय!"

"आणि सिग्नलला?"

"हवालदार आमच्या गावचा हाय. त्योच बाजूला झाला."

*

दुसऱ्या दिवशी काकांचा मुलगा विलास आला. पांढरीशुभ्र मोठी गाडी, गळ्यात जाड चेन, आणि सोबत चक्क भंगारवाला! विलास तसा वाईट नाही. जमिनी गेल्या, पैसा आला, त्याने तो नीट सांभाळला. पण ट्रॅक्टरचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं.

"वहिनी, ह्याला आजच उचलून टाका. बाबांना मी समजावतो."

तेवढ्यात मागून त्याची मुलगी उतरली. मानसी. लग्न अगदी तोंडावर आलेलं.

"काकू, उचलायचा नाही. मी लग्नाच्या हॉलवर ह्याच्यावरूनच जाणार. आजोबा चालवणार. लहानपणापासून ठरलंय आमचं."

"मी फुलांची गाडी बुक केलीये!" विलास ओरडला.

"मग तुम्ही बसा त्यात."

मला हसू आलं, पण विलासकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्याचे डोळे भरले होते. "वहिनी, घरापासून हॉलपर्यंत उतार आहे. खाली मेन रोड, आणि रोडवर न्हावा शेवाचे कंटेनर एकामागे एक. ह्याला ब्रेक नाही. माझी पोर बसणार आहे त्यावर."

बापाचं काळीज आहे, बरोबरच बोलत होता. मी म्हटलं, "विलास, ब्रेक मी करून देते. उतारावर उभा राहून तू स्वतः बघ. थांबला तर मानसी बसेल. नाही थांबला तर भंगारवाल्याला मीच फोन करेन."

"नक्की थांबेल?"

"माझ्या गॅरेजातून गेलेली गाडी थांबते!"

भंगारवाला हात धुऊन चहा पिऊन गेला.

*

आता ह्या ट्रॅक्टरचा ब्रेक कसा असतो ते सांगते, सोपं आहे. एक दांडा फिरतो, त्यावर डब्याच्या झाकणासारखा लोखंडी ड्रम बसवलेला. पायाने दाबलं की एक पट्टा त्या ड्रमला आवळतो. ड्रम थांबला की दांडा थांबतो, चाक थांबतं. पण ड्रम दांड्यावर ढिला झाला, की पट्टा ड्रमला आवळतो आणि दांडा आतल्या आत मजेत फिरत राहतो. काकांचं हेच झालं होतं.

ड्रम आणि दांडा ह्यांच्या फटीत टॉर्च मारला, तर आत काहीतरी कोंबलेलं. चिमट्याने ओढलं. पत्र्याची पट्टी निघाली. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मग काथ्या. मग एक पितळेची लेडीज सेफ्टीपिन!

"काका, हे काय?"

"ढिला झाला की मी कायतरी भरतो. ही पिन आमच्या हिची."

"काकींना माहीत आहे?"

"तीच तर इतकी वर्सं शोधते हाय."

*

ढिला ड्रम काढायला सोपा, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं! पण जो ड्रम चालताना गरागरा फिरायचा, तो निघायचं नावच घेईना. ड्रम ओढून काढायचा पुलर लावला, केरोसीन ओतलं, ठोकलं. लतीफभाई तर इरेलाच पेटले. "भाभी, मैंने न्हावा शेवा के ट्रेलर के ड्रम उतारे हैं. ये तो कटोरी है!"

कटोरीने त्यांना सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत घाम फोडला. शेवटी मी म्हटलं, गॅसने तापवा. तापवला, पुलर पुन्हा आवळला, आणि फाट्कन आवाज झाला! ड्रम उडाला. आम्ही सगळे खाली वाकलो. उठून पाहतो तर ड्रम कुठेच नाही. टेबलाखाली नाही, टायरमध्ये नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून चर्रर्र आवाज आला. लतीफभाईंचा जेवणाचा डबा उघडा होता, आणि त्यातल्या दालच्यात ड्रम बसला होता.

लतीफभाई शांतपणे म्हणाले, "चलो, खाना गरम हो गया."

*

मग खरं काम. दांड्याची खाच पार झिजली होती. लतीफभाईंनी दांड्यावर वेल्डिंगचा भराव दिला, लेथवर गोल केला, नवी खाच पाडली. खाचेत अडकवायचा अर्ध्या चकतीसारखा तुकडा चांगल्या पोलादाचा केला. ड्रम बसवला, वरून स्क्रू आवळला. कारागिरी अशी की हलवून दाखवा! अंगणात चालवला, पाय दाबला, जागच्या जागी उभा. काका टाळ्या वाजवायला लागले.

दोन दिवसांनी पुन्हा पाहिला, तर ब्रेक घसरतोय! ड्रम पक्का होता, पण पट्टा पकडेना. मी बोट फिरवलं, वास घेतला.

"खोबरेल! काका, इथे तेल कोणी घातलं?"

काका छताकडे बघायला लागले.

"काका!"

"कोरडं लोखंड बघवत नाय वयनी. बंगल्यात असताना रोज तेल पाजायचो मी ह्याला."

"बाकी कुठेही पाजा. पण ब्रेक कोरडाच पाहिजे. तेल लागलं की पट्टा घसरणार. घसरला की खाली कंटेनर. मानसीला घेऊन जायचंय ना?"

काकांचा चेहरा पडला. गॅरेजातली तेलाची सगळी भांडी मी कुलपात टाकली. पट्टा थिनरने धुतला, घासला, पुन्हा बसवला. आणि मग सहज लक्ष गेलं, काकांचा खिसा फुगलेला.

"ती बाटली काढा."

"डोक्याचं तेल हाय ते!"

"टोपी काढा बघू."

काढली. चकचकीत टक्कल! लतीफभाई लेथ बंद करून हसत बसले.

*

ह्याच सुमारास जनाकाकी, म्हणजे काकांची बायको, पत्रिका घेऊन आली. सेफ्टीपिन मी आधी तिच्या हातात ठेवली. तिने काकांकडे असं बघितलं की काका ट्रॅक्टरखालीच गेले.

"वयनी, लग्नाला यायचं. आनि हलदीला पन."

"लग्नाला नक्की येते काकी."

"आनि हलदीला?"

मी पान्यांची मांडामांड करत राहिले. खरं सांगते, हे गेल्यापासून मी कोणाच्या हळदीला जात नाही. कोणी तोंडावर नको म्हणत नाही. पण हळदीची वाटी फिरत फिरत माझ्यापर्यंत येते आणि पुढच्या बाईकडे वळते. ते मला दिसतं आणि टोचतं. म्हणून मी थेट लग्नाला जाते, अक्षता टाकते, जेवते, घरी येते. मला काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

काकीने पिन पदराला लावली आणि गेली.

*

हळदीच्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर टेम्पोत घालून कोनला नेला, विलाससमोर उतारावर रिकामा थांबवून दाखवला. पट्ट्याचा शेवटचा नट तिथल्या उतारावर आवळायचा आणि हळद सुरू व्हायच्या आत निघायचं, असा माझा बेत.

पण आगऱ्यांच्या हळदीत बेत चालतात होय! मांडव भरलेला, एकीकडे धवलारीण लग्नाची गाणी गातेय, दुसरीकडे डीजे. मी खाली बसून नट आवळतेय, तोवर समोर बायकांची फौज उभी. हातात तेलात कालवलेल्या हळदीच्या वाट्या. पुढे जनाकाकी.

"ट्रॅक्टरला पन हलद लावायची! त्यो पन घरचाच हाय!"

एकीने बॉनेट पिवळं केलं. दुसरीने स्टिअरिंग. तिसरीचा तेलकट हात खाली यायला लागला, सरळ ड्रमकडे!

"तिथे नाही! ब्रेक आहे तो!"

डीजेत कोण ऐकतंय? मग मी काय केलं, ड्रमला पाठ लावून जमिनीवर फतकल मारली आणि दोन्ही हात पसरले. "इथे हळद लावायची नाही! मानसी बसणार आहे ह्यावर! आधी मला बाजूला करा!"

सगळ्या थांबल्या. हळदीचे हात तसेच वर. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ते बघणं मला ओळखीचं आहे. मी मान खाली घातली.

जनाकाकी पुढे आली. दोन्ही हात हळदीने भरलेले.

"ट्रॅक्टरला नको म्हंता. मंग ही हलद ठेवू कुठं?"

मी ड्रमला आणखी चिकटून बसले.

"सांगा ना, ठेवू कुठं?" असं म्हणत तिने दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले. मग कपाळावर. मग गळ्यावर. मागून मानसी धावत आली, तिने तर वाटीच केसांत उपडी केली. मग सगळ्याच तुटून पडल्या. मी ड्रम सोडला नाही. रडत होते, पण सोडला नाही.

बायका पांगल्यावर विलास आला, खाली वाकला, ड्रमवर बोट फिरवून बघितलं. "कोरडा हाय," म्हणाला आणि तिथेच माझ्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीत नवरी, पुढे धाकूकाका. विलास उताराच्या खाली ट्रॅक्टरकडे तोंड करून उभा, पाठीमागून कंटेनर धडधडत जातायत. ट्रॅक्टर खाली आला. काकांनी पाय दाबला. विलासच्या पुढ्यात, हॉलच्या दाराशी ट्रॅक्टर गप्पकन उभा राहिला.

"लागला! लागला!" काका उभे राहून ओरडले. विलासने बापाच्या पायांना मिठी मारली. माझ्यासोबत लग्नाला आलेल्या लतीफभाईंनी तर शिट्टीच मारली! मग माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले. माझे गाल, कान, गळा, सगळं पिवळंच होतं.

"क्या भाभी, कल से मुँह नहीं धोया?"

"साबण संपला होता," मी म्हटलं.